पूर्व आशियाचें कथावाङ्मय आणि मराठी वाचक

अलीकडे पुण्या-मुंबईच्या कोणत्याहि मोठ्या पुस्तकांच्या दुकानांत पाऊल टाकिलें, तर जपानी, चिनी व कोरियन कादंबऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरांची रांगच्या रांग दृष्टीस पडते. आणि तिच्या पलीकडे जपानी चित्रकथांचे, ज्यांस त्या भाषेंत 'मांगा' म्हणतात त्यांचे, कित्येक भाग रचून ठेविलेले असतात. महाविद्यालयांतील विद्यार्थी हीं पुस्तकें ज्या आवडीनें वाचतात ती पाहून कोणाहि वाङ्मयप्रेमी माणसास संतोषच व्हावा. या वाचकांचें आपसांतील बोलणें मात्र कान देऊन ऐकण्यासारखें असतें. जपानी लेखक थोडक्यांत बोलतो, चिनी लेखक पाल्हाळ लावतो, कोरियन लेखक भयंकर गोष्ट थंडपणानें सांगतो, अशीं विधानें तेथें निःशंकपणें केलीं जातात. तीं करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्या भाषांचें एक अक्षरहि अवगत नसतें. तें आम्हांसहि नाहीं. आम्हीं हें सारें वाङ्मय इंग्रजींतूनच वाचलें आहे. तेव्हां जो गुण किंवा जो दोष आपण लेखकाच्या पदरीं बांधतों, त्यांतील कितीसा त्याचा आणि कितीसा भाषांतरकाराचा, हा प्रश्न प्रत्येक वाचकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे. प्रस्तुत निबंधांत त्या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारें थोडासा विचार करण्याचें योजिलें आहे.

परभाषेंतील कथा इंग्रजीच्या द्वारें घेण्याची संवय मराठी वाचकांस नवी नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं ज्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणिल्या आणि ज्यांनीं कित्येक पिढ्यांची झोंप उडविली, त्या अरबीवरून नव्हे तर इंग्रजीवरून आल्या होत्या. टॉल्स्टॉय व मोपासां यांचा परिचयहि बहुतेकांस त्याच वाटेनें झाला. या वाटेचे उपकार मोठे आहेत आणि ते नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मध्यस्थ कितीहि सज्जन असला तरी त्याला स्वतःची आवडनिवड असते, त्याच्या घरच्या मंडळींची भीड असते आणि त्याच्या काळाची नीति असते. तो जो माल आणितो तो या तीन चाळण्यांतून गाळून आणितो. आणि घेणाऱ्यास चाळण्या दिसत नाहींत, माल तेवढा दिसतो.

पहिली चाळणी नीतीची. फू सुंगलिंग या चिनी लेखकानें सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळांत सुमारें पांचशें अद्भुत कथा लिहिल्या. त्यांपैकीं १६४ कथांचें भाषांतर हर्बर्ट जाइल्स या ब्रिटिश वकिलातींतील अधिकाऱ्यानें १८८० मध्यें प्रसिद्ध केलें. मूळ कथांत कोल्हिणी सुंदर स्त्रियांचें रूप घेऊन परीक्षेच्या अभ्यासांत बुडालेल्या तरुणांच्या खोलींत येतात आणि पुढें जें व्हावयाचें तें होतें. जाइल्सचें पुस्तक इंग्लंडांतील सभ्य कुटुंबांत वाचलें जावयाचें होतें. म्हणून त्यानें असले प्रसंग कोठें गाळले, तर कोठें बदलून निरुपद्रवी केले. परिणाम असा झाला कीं, चिनी भुतें व कोल्हिणी फार शिष्टाचारसंपन्न असतात, असा समज इंग्रजी वाचकाचा झाला आणि त्याच्या मागोमाग आमचाहि. वेताळपंचविशी व शुकबहात्तरी यांवर वाढलेल्या मराठी वाचकासमोर फू सुंगलिंग न गाळतां ठेविला असता, तर त्यास यांत कांहीं विपरीत वाटलें नसतें. ज्या भिडेमुळें हा मजकूर कापला गेला ती भीड आमच्या जुन्या कथाकारांस ठाऊकच नव्हती.

दुसरी चाळणी आवडीची. आणि तिचा सर्वांत मोठा धनी आर्थर वेली हा होय. अकराव्या शतकाच्या आरंभीं मुरासाकी शिकिबु या राजदरबारांतील स्त्रीनें 'गेंजी मोनोगातारि' ही ५४ अध्यायांची कथा रचली. तिचे पहिले १७ अध्याय सुएमात्सु केंचो या जपानी गृहस्थानें १८८२ मध्यें इंग्रजींत आणिले होते. परंतु ही कृति जगाच्या वाङ्मयांत जाऊन बसली ती वेलीच्या १९२५ ते १९३३ या काळांत सहा भागांनीं निघालेल्या भाषांतरामुळें. वेली हा ब्रिटिश म्यूझियमच्या चित्रविभागांत नोकरी करीत असतां आपल्या आपणच चिनी व जपानी शिकला. चीन किंवा जपान या देशांत त्यानें जन्मांत कधीं पाऊल टाकिलें नाहीं. त्याचें इंग्रजी इतकें प्रवाही आहे कीं, पहिला भाग निघतांच व्हर्जिनिया वुल्फसारख्या लेखिकेनें त्यावर अभिप्राय लिहिला. आणि १९४० मध्यें न्यूयॉर्क येथील एका दुकानांत ४९ सेंटांस मिळालेला त्याचा संच वाचून डोनाल्ड कीन नांवाच्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें पुढें आपलें सारें आयुष्य जपानी वाङ्मयास वाहिलें. भाषांतराचें याहून मोठें यश कोणतें?

पण याच वेलीनें अडतिसावा अध्याय सबंध गाळला. आणि जेथें मूळ लेखिका माणसांस नांवानें हांक मारीत नाहीं तेथेंहि इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठीं बहुतेकांस कायमचीं नांवें दिलीं. मुरासाकीच्या कथेंत बहुतेक पात्रांस नांवच नाहीं. त्यांची ओळख हुद्द्यावरून, राहत्या वाड्यावरून, किंवा एखाद्या प्रसंगीं उच्चारलेल्या कवितेंतील फुलावरून व्हावयाची. आणि हुद्दा बदलला कीं संबोधन बदलावयाचें. रॉयल टायलर यानें २००१ मध्यें केलेल्या भाषांतरांत ही मूळची रीति पुष्कळ अंशीं पाळली, तेव्हां कित्येक इंग्रजी वाचकांस ती जाचक वाटली. आम्हांस तसें वाटलें नाहीं. ज्या घरांत पत्नी पतीचा उल्लेख 'इकडून' किंवा 'स्वारी' अशा शब्दांनीं करी, सुनेचें माहेरचें नांव लग्नाच्या दिवशींच पुसलें जाई, आणि थोरली, धाकटी, माजघरांतली अशा खुणांनीं माणसें ओळखलीं जात, त्या घरांच्या आठवणी ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांस क्योतोच्या राजवाड्यांतील हा अनाम वावर परका वाटण्याचें कारण नाहीं. टायलरचें भाषांतर वाचतांना एक हजार वर्षांचें अंतर आम्हांस जितकें कमी भासलें तितकें वेलीच्या सुंदर इंग्रजींतहि भासलें नव्हतें.

वेलीचें दुसरें प्रसिद्ध भाषांतर म्हणजे १९४२ मधील 'मंकी'. मूळ 'शीयूची' ही चिनी कादंबरी १५९२ मध्यें छापली गेली. तींत १०० अध्याय आहेत. वेलीनें त्यांतले सुमारें तीस घेतले आणि मधल्या कवितांपैकीं बहुतेक सोडून दिल्या. सगळी कादंबरी इंग्रजींत येण्यास १९७७ ते १९८३ या वर्षांत निघालेल्या अँथनी यू यांच्या चार भागांची वाट पाहावी लागली. या कादंबरीचा नायक नांवाला तरी आपल्या ओळखीचा आहे. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघून ६४५ मध्यें परत गेलेला ह्युएनत्संग हाच तो यात्रेकरू. त्याच्या प्रवासवृत्तांतांतील महाराष्ट्राचें वर्णन, पुलकेशीचें राज्य, मानी व उपकार न विसरणारे लोक, हें सारें आमच्या शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेलेलें आहे. कादंबरींतला ह्युएनत्संग मात्र भित्रा, रडका व कानाचा हलका आहे. आणि त्याचें रक्षण करणारा माकड हाच खरा कर्ता पुरुष आहे. शेवटीं मंडळी गृध्रकूट पर्वतावर बुद्धासमोर पोंचतात, तेव्हां आनंद व काश्यप हे शिष्य पोथ्या देण्यापूर्वीं भेट मागतात, ती न मिळतां कोऱ्या पोथ्या हातीं ठेवतात, आणि अखेर भिक्षापात्र घेऊन लिहिलेल्या पोथ्या देतात! इंग्रजी वाचक या प्रसंगास एक मौजेची कल्पना म्हणून हंसतो. आपल्याच देशास कोणी स्वर्ग मानलें आणि त्या स्वर्गाच्या दारांतहि दक्षिणा घेणारा बडवा बसविला, हें वाचून भारतीय वाचकाचें हंसें किंचित् ओशाळें होतें. हें ओशाळें हंसूं कोणत्याहि भाषांतरकारास देतां आलें नसतें; तें आम्हीं घरून नेलेलें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाळणी बदलली. जपान पराभूत झाला होता आणि अमेरिकेस तो एकाएकीं मित्र म्हणून हवा होता. न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेनें हॅरॉल्ड स्ट्रॉस या संपादकाच्या पुढाकारानें १९५५ पासून आधुनिक जपानी कादंबऱ्या काढण्यास आरंभ केला. तानिझाकी, कावाबाता व मिशिमा हीं तीन नांवें त्या मालेनें जगभर नेलीं. एडवर्ड साइडनस्टिकर यांनीं केलेलें कावाबाताच्या 'युकिगुनि'चें भाषांतर १९५६ मध्यें निघालें आणि १९६८ मध्यें कावाबातास नोबेल पारितोषिक मिळालें. हीं भाषांतरें उत्तम आहेत. परंतु बर्फ, चहा, किमोनो, अव्यक्त दुःख व अपुरा शेवट यांनीं बनलेला जो जपान आमच्या वाचकांच्या मनांत ठसला आहे, तो मुख्यतः या निवडीचा जपान आहे. खेंकडे पकडून डब्यांत भरणाऱ्या जहाजावरील मजुरांच्या हालांवर कोबायाशी ताकिजी यानें १९२९ मध्यें लिहिलेली 'कानिकोसेन' ही कादंबरी त्या मालेंत बसणारी नव्हती. तिच्या लेखकास १९३३ मध्यें पोलिसांच्या कोठडींत मारहाण होऊन मरण आलें. आणि तीच कादंबरी २००८ मध्यें जपानांतील तरुणांनीं पुनः हजारोंनीं विकत घेतली. जपानी लेखक थोडक्यांत बोलतो हें विधान ज्यांनीं केलें, त्यांनीं न बोलणाऱ्या लेखकांचीच भाषांतरें वाचलेलीं असतात.

येथें कोणी असें समजूं नये कीं, काटछांट करणारा सदैव परकाच असतो. तानिझाकीनें 'गेंजी'चें आधुनिक जपानींत रूपांतर केलें तें १९३९ ते १९४१ च्या दरम्यान प्रथम निघालें. मूळ कथेंत नायकाचा बापाच्या राणीशीं संबंध येतो व त्यांचा पुत्र पुढें सम्राट होतो. त्या काळच्या जपानांत सम्राटाच्या वंशाविषयीं असें छापणें शक्य नव्हतें. म्हणून तो भाग गाळला गेला आणि युद्धानंतरच्या आवृत्तींत परत आला. याच तानिझाकीची चार बहिणींच्या घरगुती आयुष्यावरील 'सासामेयुकि' ही कादंबरी १९४३ मध्यें मासिकांतून येऊं लागली, तेव्हां युद्धकाळास हें ऐषआरामाचें वाङ्मय शोभत नाहीं म्हणून लष्करी अधिकाऱ्यांच्या दडपणानें ती बंद पाडण्यांत आली. मुलींचीं स्थळें पाहणें, नकार पचविणें व ऋतूंप्रमाणें सहली काढणें याखेरीज जींत कांहीं घडत नाहीं अशा कादंबरीची सत्तेला भीति वाटावी, यांतच तिचें सामर्थ्य आहे. तिच्या इंग्रजी भाषांतरास १९५७ मध्यें 'माकिओका भगिनी' या अर्थाचें नांव देण्यांत आलें. भुरभुरणाऱ्या हिमाचा जो सूचक शब्द मूळ शीर्षकांत होता तो गेला व आडनांव राहिलें. तिसरीचें लग्न ठरल्यावांचून चौथीचें ठरत नाहीं, ही त्या कादंबरीतील अडचण इंग्रजी टीकाकारांस समजावून घ्यावी लागते. मराठी वाचकाच्या ती घरची आहे.

आतां आम्ही ज्या कृतीकडे वळत आहों तींत हा सारा प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो. त्साओ श्वेछिन याची 'होंग लौ मंग' ही अठराव्या शतकांतील चिनी कादंबरी लेखकाच्या पश्चात् १७९१ मध्यें १२० अध्यायांत छापली गेली. ऑक्सफर्ड येथील चिनीचे अध्यापक डेव्हिड हॉक्स यांनीं हें भाषांतर करण्यासाठीं १९७१ मध्यें आपली जागा सोडली. पहिल्या ८० अध्यायांचे तीन भाग त्यांनीं १९७३ ते १९८० मध्यें काढले आणि उरलेले ४० अध्याय त्यांचे जामात जॉन मिनफर्ड यांनीं १९८६ पर्यंत पुरे केले. विद्वत्ता व रसिकता यांचा असा संगम भाषांतरांत क्वचितच आढळतो. पण मूळ शीर्षकांतील 'होंग' म्हणजे तांबडा रंग, तो या भाषांतराच्या मुखपृष्ठावरून नाहींसा झाला. कारण हॉक्सनीं कादंबरीचें दुसरें पर्यायी नांव, 'पाषाणाची कथा', पसंत केलें. आंतहि नायकाच्या निवासाच्या नांवांतील तांबडा रंग त्यांनीं हिरवा केला. चिनी मनास तांबडा रंग वसंत, तारुण्य व सौभाग्य सुचवितो. इंग्रजी मनास तें काम हिरवा व सोनेरी रंग करितात, हें त्यांचें कारण. इंग्रजीपुरतें तें बिनतोड आहे. मराठी वाचकास मात्र या हिरव्याचें प्रयोजन काय? कुंकू, अळता, गुलाल यांनीं ज्याचें डोळे तयार झाले आहेत, त्याला तांबड्याचा अर्थ शिकवावा लागत नाहीं. इतकेंच काय, सौभाग्य गेल्यावर ज्या आलवणानें विधवेस गुंडाळीत तेंहि तांबडेंच होतें. फुललेलें तारुण्य आणि त्याचा विध्वंस हीं दोन्ही एकाच रंगांत पाहणाऱ्या कादंबरीस याहून जवळचा वाचक कोठें मिळेल? तरीहि इंग्रजींतून वाचतांना आमच्या हातीं तो रंग आला नाहीं. जो अडथळा आमच्या भाषेंत नव्हता त्याच्यासाठीं काढलेली पळवाट आम्हांस चालावी लागली.

रंगाहून नात्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची. कादंबरीचा नायक पाओयू, आणि त्याचें लग्न कोणाशीं व्हावें हा तिच्या मध्यभागींचा प्रश्न. त्याचें मन दाइयू या मुलीवर. घरच्यांची निवड पाओछाइ. इंग्रजींत या दोघींस एकच शब्द आहे, कारण त्या भाषेंत चुलत, आते, मामे, मावस हीं सगळीं भावंडें एका पोत्यांत भरलेलीं असतात. वस्तुतः दाइयू ही पाओयूची आतेबहीण आणि पाओछाइ ही मावसबहीण. हे दोन शब्द लिहितांच मराठी वाचकाच्या कपाळीं आठी पडते. मावसबहीण म्हणजे आमच्याकडे सख्ख्या बहिणीसारखी; तिच्याशीं लग्न ही गोष्ट बोलण्याचीहि नव्हे. आत्याच्या मुलीचेंहि महाराष्ट्रांत चालत नसे. मामाच्या मुलीचें मात्र चालत असे आणि कित्येक जातींत तें पसंत केलें जाई, हें इरावती कर्वे यांनीं १९५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत साधार दाखविलें आहे. म्हणजे पाओयूच्या घरांतील दोन्ही बाजू आमच्या रूढीप्रमाणें निषिद्ध ठरतात! हा धक्का इंग्रजी वाचकास बसत नाहीं. पण या धक्क्यांतूनच एक गोष्ट लक्षांत येते. निवडीचा कौल घरांतील बायकांच्या हातीं आहे. आणि पाओयूच्या आईला नणंदेच्या मुलीपेक्षां बहिणीची मुलगी सून म्हणून जवळची वाटते. सासर व माहेर यांचा हा जुना झगडा 'नणंदेची मुलगी' आणि 'बहिणीची मुलगी' या दोन शब्दांत जितका उलगडतो, तितका तो इंग्रजी टीकाकारांच्या लांबलचक विवेचनांतून आमच्या पदरीं पडला नाहीं.

हान कांग या कोरियन लेखिकेच्या २००७ मधील कादंबरीचें 'द व्हेजिटेरियन' हें इंग्रजी भाषांतर डेबोरा स्मिथ यांनीं केलें व २०१५ मध्यें तें निघालें. २०१६ मध्यें त्यास आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालें आणि तें नियमाप्रमाणें लेखिका व भाषांतरकर्ती यांस सारखें वांटून देण्यांत आलें. स्मिथबाईंनीं कोरियन शिकण्यास २०१० मध्यें आरंभ केला होता. पारितोषिकानंतर कोरियन टीकाकारांनीं चुका दाखविण्यास सुरुवात केली: हाताच्या जागीं पाय आला आहे, वाक्याचा कर्ता बदलला आहे, आणि मुख्य म्हणजे मूळची साधी, उणी भाषा इंग्रजींत अलंकारांनीं भरली आहे. लेखिकेनें स्वतः भाषांतर वाचलें होतें व त्यास तिची संमति होती. २०२४ मध्यें तिला नोबेल पारितोषिकहि मिळालें. या वादांत न्याय देण्याचा अधिकार कोरियन न जाणणाऱ्या आम्हांस नाहीं. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, कादंबरीच्या दुसऱ्या भागांतील पुरुष ज्या स्त्रीच्या मागें वेडा होतो ती त्याची मेहुणी आहे. आणि वहिनी, नणंद, जाऊ व मेहुणी या साऱ्यांस एकाच नांवानें हांक मारणाऱ्या भाषेंत त्या वेडाची चव अर्धी उतरते. चुकीच्या हातापायांची चर्चा जगभर झाली. या अर्ध्या चवीची कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

चित्रकथांच्या बाबतींत मध्यस्थाचें काम लपून राहूं शकत नाहीं, म्हणून तिचा विचार मुद्दाम शेवटीं घेतला आहे. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात. १९८० नंतर अमेरिकेंत या कथा निघूं लागल्या तेव्हां तेथील वाचकाच्या सोयीसाठीं बहुधा चित्रेंच आरशांतल्याप्रमाणें उलटीं करून छापीत. 'आकिरा' ही कथा तर १९८८ पासून उलटी करून शिवाय रंगवून देण्यांत आली. उलट्या चित्रांत कमरेची तलवार डाव्या बाजूची उजव्या बाजूस गेली, सगळीं माणसें डावखुरीं झालीं, आणि किमोनोचा डावा पदर वर असावयाचा तो उजवा वर आला. जपानांत असा किमोनो प्रेतास नेसवितात. म्हणजे सोयीच्या नादांत हंसतीं-खेळतीं माणसें प्रेताच्या वेषांत वावरूं लागलीं. आमच्याकडे पितृकर्माच्या वेळीं जानवें अपसव्य करितात. लग्नाच्या चित्रांत सगळे पुरुष अपसव्य दाखविले तर जें वाटेल तेंच एखाद्या जपानी आजीस तीं पानें पाहून वाटलें असेल. १९९८ च्या सुमारास कांहीं चित्रकारांच्या आग्रहामुळें आणि २००२ पासून प्रकाशकांच्या स्वतःच्या धोरणामुळें मूळ दिशेनें छपाई रूढ झाली. आज आमच्या घरांतील मुलें पुस्तक शेवटाकडून उघडतात व बिनतक्रार वाचतात. वाचकास सोय पाहिजे, हें प्रकाशकाचें म्हणणें त्या मुलांनीं खोटें पाडलें. सोय नसली तरी चालते, खरें पाहिजे.

या चित्रकथांपैकीं जिनें आम्हांस सर्वांत अधिक हालविलें ती नाकाझावा केइजि याची 'अनवाणी गेन'. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमांत सहा वर्षांच्या नाकाझावाचे वडील, बहीण व भाऊ मेले. १९७३ मध्यें ही कथा मुलांच्या साप्ताहिकांत सुरू झाली. १९७६ मध्यें तोक्योंत कांहीं स्वयंसेवक जमले आणि त्यांनीं कोणत्याहि मोठ्या प्रकाशकाची वाट न पाहतां तिचें इंग्रजी भाषांतर हातीं घेतलें. १९७८ मध्यें पहिला भाग बाहेर पडला. नॉफच्या मालेंतला संयत जपान ज्यांनीं वाचला आहे त्यांनीं गेनच्या घरांतला जपान अवश्य पाहावा. येथें बाप मुलांस बडवितो, मुलें तांदूळ चोरतात, विनोद ओबडधोबड आहे, आणि बाप युद्धाविरुद्ध बोलतो म्हणून शेजारीपाजारी त्या घराशीं संबंध तोडतात. मात्सुए शहरांत २०१२ च्या अखेरीस शाळांच्या ग्रंथालयांत ही कथा कपाटाआड ठेवण्याचा हुकूम निघाला व बोभाटा झाल्यावर २०१३ मध्यें तो मागें घेण्यांत आला. २०२३ मध्यें खुद्द हिरोशिमाच्या शांतिशिक्षणाच्या पाठांतून ती काढण्यांत आली. चाळणी घरचीहि असते, हें तानिझाकीच्या वेळीं पाहिलेंच आहे.

तेझुका ओसामु याच्या 'बुद्ध' या १९७२ ते १९८३ या काळांत लिहिलेल्या चित्रकथेविषयीं मराठी वाचकाच्या मनांत निराळीच खळबळ होते. इंग्रजी वाचकास ती परदेशींची एक रम्य पुराणकथा आहे. ज्या महाराष्ट्रांत धर्मानंद कोसंबी यांचा 'भगवान बुद्ध' १९४०-४१ मध्यें निघाला आणि १९५६ मध्यें नागपुरास लाखों लोकांनीं बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेतली, तेथें बुद्धचरित्र हा चालू विषय आहे. तेझुकानें चाप्रा हा दास आणि तत्ता हा अस्पृश्य मुलगा हीं दोन पात्रें स्वतःच्या कल्पनेनें निर्माण केलीं आणि सिद्धार्थ जन्मण्यापूर्वींच कथेचा मोठा भाग त्यांस दिला. इतिहासाच्या तपशिलांत तो वाटेल तसें स्वातंत्र्य घेतो. मध्येंच आजच्या वस्तूंवर थट्टा करितो. परंतु बुद्धाची कथा जातीच्या दुःखापासून सुरू केली पाहिजे, हें तोक्योंत बसलेल्या एका चित्रकारास उमगावें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. तत्ता व चाप्रा यांचीं संभाषणें मात्र इंग्रजींतील सपाट संबोधनानें चालतात. मालकानें दासास केलेलें 'तूं', दासानें मालकास म्हटलेलें 'आपण', आणि दोन समदुःखी पोरांचें 'अरे-कारे' हीं सारीं त्या एका शब्दांत विरून जातात. जपानींत हे भेद आहेत, मराठींतहि आहेत, मधल्या भाषेंत ते बुडाले.

असें बुडालेलें इतरहि पुष्कळ आहे. जपानी चित्रकथेच्या पानावर ध्वनींचे शब्द चित्राइतकेच मोठे काढलेले असतात: चांदण्यांची 'किराकिरा', छातीची 'दोकिदोकि', आणि कांहींच आवाज नसण्याची 'शीन'. इंग्रजीस येथें पदोपदीं ठेंच लागते. लुकलुक, धडधड व सामसूम ज्या भाषेंत तयार आहेत तिला ती लागूं नये. सोसेकीच्या १९०५-०६ मधील प्रसिद्ध कादंबरींत मांजर बोलतें तें 'वागाहाइ' या डौलदार सर्वनामानें. इंग्रजींत त्याचा साधा 'मी' झाला व शीर्षकांतला अर्धा विनोद मेला; मराठी भाषांतरकारानें 'अस्मादिक' एवढा एक शब्द घातला तर तो विनोद मिशांसकट जिवंत होईल. आम्हांसारख्या 'आम्ही' लिहिणाऱ्या अध्यापकांस त्या मांजराविषयीं विशेष आपुलकी वाटते, हें वेगळें सांगावयास नको. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येणें, कर्ता न बोलतां चालणें, याहि बाबतींत जपानी मराठीस इंग्रजीपेक्षां जवळची आहे.

मराठीच्या वाटेंत अडचणी नाहींत असें मात्र कोणीं म्हणूं नये. जपानी क्रियापदास लिंग नसतें. पडद्याआड आलेली व्यक्ति पुरुष कीं स्त्री, हें मूळ लेखिका पानभर झांकून ठेवूं शकते. मराठींत 'आला' किंवा 'आली' म्हणतांच तें उघडें पडतें. 'आलें' म्हणावें तर तें मूल होतें. इंग्रजी येथें मराठीवर सहज मात करिते. चिनी कवितांतील श्लेष कोणत्याहि भाषेंत येत नाहींत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक भाषेस स्वतःच्या अडचणी भोगूं द्याव्या. आज मराठी वाचक इंग्रजीच्या अडचणी भोगतो आणि मराठीच्या सोयींस मुकतो.

हें बदलण्यासारखें आहे. जपानी भाषा शिकणाऱ्यांचा तुटवडा महाराष्ट्रांत नाहीं. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें व इतरत्र कित्येक वर्षें तिचे वर्ग भरत आले आहेत आणि तेथून निघालेले तरुण जपानी कारखान्यांचीं यंत्रवर्णनें व करारपत्रें लीलेनें भाषांतरित करितात. 'तोत्तोचान'सारखें आठवणींचें पुस्तक मराठी घरांत जसें रुळलें, त्यावरून वाचकांची भूक किती आहे हेंहि दिसून आलें आहे. उणीव आहे ती हीं दोन टोकें जोडणाऱ्या प्रकाशकांची, आणि भाषांतरकारास हमालाऐवजीं लेखक मानणाऱ्या टीकाकारांची. इंग्रजी भाषांतरें आम्ही वाचूंच. वेली व हॉक्स यांचें ऋण फिटणारें नाहीं. पण एखाद्या विद्यार्थ्यानें जपानी लेखक असा व कोरियन लेखक तसा असें ठांसून सांगितलें, तर त्यास आम्ही यापुढें एवढेंच विचारूं कीं, बाबा रे, भाषांतर कोणाचें, कोणत्या सालचें, आणि त्यांत काय गाळलें आहे? उत्तर शोधतांना शोधतां त्यांच्यांतला एखादा मूळ भाषेपर्यंत जाऊन पोंचला, तर पाओयूच्या आतेबहिणीस आतेबहीण म्हणणारें पुस्तक मराठींत येण्यास फार काळ लागणार नाहीं.